घटस्फोट व कौटुंबिक व्यवसायाची वाटणी

विवाहविच्छेदाच्या वेळी पतिपत्नींनी मिळून चालविलेल्या बागायत, दुकान, पेढी इ. व्यवसायांतील दोघांचे हिस्से ठरविण्याचा प्रश्न. भारतात त्याचे एकच एक उत्तर नाही. ते पक्षांच्या वैयक्तिक विधीनुसार व व्यवसायाच्या स्वरूपानुसार बदलते. पालघर जिल्ह्यातील (२०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) नरपड–डहाणू–घोलवड हा चिकूच्या वाड्यांचा किनारी पट्टा याचे चांगले उदाहरण होय. हिंदू, पारशी-इराणी व वारली हे तेथील समाज शेजारी राहत असले, तरी त्यांचे विवाहविधी भिन्न आहेत.

पारशी समाजाला घटस्फोटाचा विधी १८६५ मध्ये मिळाला. त्याची जागा १९३६ च्या अधिनियमाने घेतली. हिंदूंमधील अनेक जातींत काडीमोडीची रूढी होती. ती नसलेल्यांना मुंबई प्रांतात १९४७ च्या व पुढे देशात १९५५ च्या अधिनियमाने घटस्फोटाचा मार्ग खुला झाला. वारली ही अनुसूचित जमात असल्याने, केंद्र शासनाच्या अधिसूचनेखेरीज १९५५ चा अधिनियम तिला लागू होत नाही. तेथे रूढी प्रमाण मानली जाते. १९३६ च्या अधिनियमाचे कलम ४२ व १९५५ च्या अधिनियमाचे कलम २७ यांन्वये न्यायालयाला विवाहप्रसंगी वा त्या सुमारास भेट मिळालेल्या समाईक मालमत्तेची व्यवस्था लावता येते. संसारकाळात वाढविलेली वाडी वा पेढी तीत आपोआप येत नाही.

भारतीय भागीदारी अधिनियमानुसार (१९३२) भागीदारी करारातून उद्भवते, नात्यातून नव्हे. त्यामुळे वाडी पतीच्या नावावर असून करार झालेला नसेल, तर फळांची तोडणी, प्रतवारी व हिशेब यांत वर्षानुवर्षे राबलेली पत्नी केवळ त्या श्रमांमुळे भागीदार ठरत नाही. तिला पोटगी मागता येते आणि पोटगीचा बोजा पतीच्या स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो. परंतु पोटगी म्हणजे हिस्सा नव्हे. करार असल्यास मात्र भागीदारीच्या विसर्जनानंतर देणी व भांडवल चुकते करून उरलेली रक्कम ठरलेल्या प्रमाणात वाटली जाते. शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास १९४७ च्या तुकडेबंदी अधिनियमाचा प्रतिबंध आहे. शिवाय फळझाडे, विहीर व वाट यांची समान विभागणी क्वचितच साधते. म्हणून एकाने वाडी ठेवून दुसऱ्यास तिचे मूल्य देणे, हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो.

गोव्यातील व्यवस्था निराळी आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या पद्धतीनुसार, विवाहपूर्व वेगळा करार नसल्यास पतिपत्नींची संपत्ती सामान्यतः समाईक असते व प्रत्येकाचा निम्मा हिस्सा मानला जातो. महाराष्ट्रात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेद्वारे शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. पतीच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला भरपाई देण्याची तरतूद असलेले विवाहविधी दुरुस्ती विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केले. तथापि लोकसभेच्या विसर्जनाबरोबर २०१४ मध्ये ते व्यपगत झाले. परिणामी गोव्याबाहेर पत्नीचा हिस्सा मुख्यतः सातबारा, भागीदारीचे करारपत्र व बँकेतील नोंदी यांवरच अवलंबून राहतो.