दवाखान्याचा उंबरठा

आपल्याकडे इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह. गरीब माणूस आजारी पडला तेव्हा तो कोणाच्या दारात उभा राहिला, आणि त्या दारात त्याला काय विचारले गेले, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात येत नाही. वास्तविक एखादी समाजव्यवस्था माणसाला माणूस समजते की नाही, ह्याची कसोटी त्या उंबरठ्यावरच लागते. मोठी इस्पितळे सगळेच देश बांधतात. पण ताप उतरेना, खोकला थांबेना, की माणूस पहिल्याने जातो तो वस्तीतल्या फॅमिली डॉक्टरकडे. म्हणून ह्या साध्या डॉक्टरचा इतिहास तपासावयास हवा.

त्यासाठी ब्रिटन आणि आयर्लंड ह्या शेजाऱ्यांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. ह्या दोन्ही देशांवर एकेकाळी एकाच पार्लमेंटचे राज्य होते. डॉक्टर एकाच पद्धतीची वैद्यकी शिकत होते. माणसे त्याच क्षयाने, त्याच बाळंतरोगाने मरत होती. तरीही आज आयर्लंड बेटाच्या उत्तर भागात, जो ब्रिटनच्या राज्यात आहे, माणूस एक पैसाही न देता डॉक्टरकडे जातो. आणि सीमेच्या दक्षिणेला ज्याच्यापाशी सरकारी कार्ड नाही, त्याला एका भेटीसाठी साधारण ५० ते ७० युरो मोजावे लागतात. रोग तोच, औषध तेच; मग फरक कशाने पडला?

आयर्लंडपासून सुरुवात करू. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात तेथे सुमारे १० लाख माणसे मेली. त्या पार्श्वभूमीवर १८५१ साली कायदा होऊन देशभर डिस्पेन्सऱ्यांचे जाळे उभे राहिले. गरिबाला तेथे फुकट औषध मिळे, पण त्यासाठी आधी तिकीट आणावे लागे. हे तिकीट देणार कोण? डिस्पेन्सरी समितीचे सभासद, म्हणजे बहुधा जमीनदार आणि गावातील प्रतिष्ठित. डॉक्टरला घरी बोलवायचे तर लाल रंगाचे तिकीट. पोर तापाने फणफणत असताना बापाने टोपी हातात घेऊन प्रतिष्ठिताच्या दारात उभे राहायचे, आपण कंगाल आहोत हे पटवून द्यायचे, आणि मग डॉक्टरकडे धावायचे. औषध मिळे, पण माणूसपण गहाण टाकून. तोच डॉक्टर फी देणाऱ्या रोग्यांना वेगळ्या जागी, वेगळ्या आदबीने तपासत असे.

आपल्या वाचकाला ह्यातले काही परके वाटणार नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १९२९ साली ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झाले होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची नोंद आपल्या आत्मकथनपर टिपणांत केली आहे. शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी होती. डॉक्टर आला, पण वस्तीत शिरणार नाही ह्या अटीवर. तिला ओल्या बाळासह बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने पत्नीला लावले. डॉक्टरने फी मात्र घेतली. ती बाई वाचली नाही. आयर्लंडमध्ये दारिद्र्याचे तिकीट लागत होते. येथे तिकीट दाखवूनही दार उघडत नव्हते. दोन्ही गोष्टी एकच नव्हेत. वर्ग आणि जात ह्यांची सरमिसळ करून चालणार नाही. पण उपचार हा हक्क नसून वरच्यांची मेहेरबानी आहे, हा विचार दोन्हीकडे सारखाच होता.

ब्रिटनमध्ये वळण मिळाले ते १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने. लॉइड जॉर्ज ह्यांनी आणलेल्या ह्या कायद्यानुसार मजुरीतून वर्गणी कापली जाई आणि मजुराला पॅनेलवरील डॉक्टर मिळे. ह्यात बायको नव्हती, मुले नव्हती. कमावत्या पुरुषाचे शरीर तेवढे दुरुस्त ठेवायचे, हा भांडवलदारी हिशेब त्यात होताच. आयर्लंडला तर वैद्यकीय लाभाचे हे कलमच लागू झाले नाही. तेथील डॉक्टरांचा त्याला विरोध होता. कॅथलिक धर्मगुरूही ह्या कायद्याला अनुकूल नव्हते. दोन शेजाऱ्यांच्या वाटा येथे फुटल्या.

वेल्समधील खाणकामगारांनी मात्र सरकारची वाट पाहिली नव्हती. ट्रेडेगार गावच्या वैद्यकीय साहाय्य संस्थेत कामगार आपल्या मजुरीचा ठरावीक वाटा देत, आणि त्यातून सर्व कुटुंबाला डॉक्टर मिळे. त्याच गावातील खाणकामगाराचा मुलगा, स्वतः वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेला अन्यूरिन बेव्हन, पुढे आरोग्यमंत्री झाला. डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध पचवून त्याने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. उत्तर आयर्लंडमध्येही ती त्याच महिन्यात आली. फॅमिली डॉक्टरच्या दारात उत्पन्न विचारणे बंद झाले. गिरणीमालक आणि झाडूवाली ह्यांची नावे एकाच यादीत आली.

दक्षिणेत काय झाले? तेथे आरोग्यमंत्री नोएल ब्राउन ह्यांनी माता-बालकांसाठी योजना मांडली: बाळंतिणीला आणि १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत उपचार, उत्पन्नाची चौकशी न करता. ब्राउन ह्यांचे वडील क्षयाने गेले होते, त्यांना स्वतःलाही क्षय झाला होता. परंतु डॉक्टरांना आपल्या फीची चिंता होती, आणि बिशपांना कुटुंबातील राज्याचा हस्तक्षेप मान्य नव्हता. मुलांच्या आरोग्याची जबाबदारी आईबापांची, राज्याने फक्त गरजूंना हात द्यावा, असे त्यांचे म्हणणे. पैसा आणि धर्म एकत्र आले. ११ एप्रिल १९५१ रोजी ब्राउन ह्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच महिन्यात बेव्हन ह्यांनीही राजीनामा दिला, कारण चष्मे आणि कवळ्या ह्यांवर शुल्क लावण्याचे सरकारने ठरविले होते. एक मंत्री दार उघडता आले नाही म्हणून गेला, दुसरा उघडलेले दार किलकिले होऊ लागले म्हणून.

आयर्लंडमध्ये पुढे तिकिटाच्या जागी मेडिकल कार्ड आले. १९७२ साली डिस्पेन्सरी पद्धत संपली आणि कार्डधारक गरिबाला आपला डॉक्टर निवडण्याचा हक्क मिळाला. २०१५ साली सहा वर्षांखालील मुलांना आणि सत्तरी ओलांडलेल्यांना डॉक्टरची भेट मोफत झाली. म्हणजे ब्राउन ह्यांच्या कल्पनेचा एक तुकडा प्रत्यक्षात यावयास ६४ वर्षे लागली.

ब्रिटनमध्येही सारे सारखे नाही. औषधाच्या चिठ्ठीवरील शुल्क वेल्सने २००७ साली, उत्तर आयर्लंडने २०१० साली आणि स्कॉटलंडने २०११ साली रद्द केले. इंग्लंडमध्ये ते अनेकांना आजही भरावे लागते. शिवाय कायद्याने दार उघडले म्हणून आत डॉक्टर असतोच असे नाही. वेल्समधील ग्लिनकोरूग ह्या खाणगावात वर्षानुवर्षे काम केलेल्या डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट ह्यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक नियम मांडला: जेथे चांगल्या उपचारांची गरज जास्त, तेथेच ते कमी मिळतात, आणि बाजाराचा शिरकाव जितका अधिक, तितके हे उलटे प्रमाण वाढते. ज्या खाणवस्त्यांत गोरे डॉक्टर जावयास तयार नव्हते, तेथे भारत-पाकिस्तानातून गेलेल्या डॉक्टरांनी दवाखाने चालविले, हेही विसरता कामा नये.

ह्या इतिहासाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, प्रा. अदारकर ह्यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि ब्रिटिश धर्तीचे पॅनेल डॉक्टर मुंबईच्या कामगारवस्त्यांत दिसू लागले. पण सुरुवातीला हा कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, २० वा अधिक कामगारांच्या बारमाही कारखान्यांपुरता होता. शेतमजूर, ऊसतोड कामगार, नाक्यावरचा बिगारी बाहेरच राहिले. आणि बाहेर राहिलेले हे लोक बहुसंख्येने कोण, हे वेगळे सांगावयास नको. ब्रिटनने १९११ चा अपुरा टप्पा १९४८ साली ओलांडला. आपण तेथेच थबकलो. आपल्याकडच्या विमा योजना प्रामुख्याने इस्पितळात दाखल झालेल्याचा खर्च देतात. वस्तीतल्या डॉक्टरची फी आणि औषधाची चिठ्ठी मजुराच्या रोजातूनच जाते. म्हणून तो दुखणे अंगावर काढतो, आणि दाखल होतो तेव्हा उशीर झालेला असतो.

माझ्या वर्गातील मुले शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला घेऊन तहसिलीत खेटे घालतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्यायाची भरपाई मागताना तो दाखला हे आपले हत्यार आहे, ते सोडण्याचे कारण नाही. पण तापाने फणफणलेल्या पोराच्या बापाकडे कोणी दाखला मागू नये. कार्यकर्त्यांनी प्रत्येक नव्या आरोग्य योजनेला तीनच प्रश्न विचारावेत: दारात काय दाखवावे लागते? आत डॉक्टर असतो का? आणि शेजारच्या बंगल्यातील माणूस त्याच दाराने येतो का? केवळ गरिबांसाठी उघडलेले दार मोडकळीला आले तरी त्याच्या दुरुस्तीसाठी वरचे वर्ग कधी ओरडत नाहीत. दार एकच हवे, ही मागणी आपणच रेटली पाहिजे.