धूर की थंडी?

आनंदीबाई जोशी यांचे चरित्र वर्गात शिकवताना एक प्रसंग हमखास सांगितला जातो. ऑक्टोबर 1883 मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. वय अवघे अठरा. राहायला मिळालेल्या खोलीतली भिंतीतील शेगडी नीट नव्हती. पेटवली की खोलीभर धूर कोंडायचा आणि न पेटवावी तर थंडी. धूर की थंडी, एवढेच दोन पर्याय. वर्ग गंभीर होतो, आपणही क्षणभर थांबतो आणि मग 'त्याग' हा शब्द उच्चारतो.

काही वर्षांपूर्वी मालेगावात हाच प्रसंग सांगत असता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग त्यांनी ती शेगडी दुरुस्त का नाही करून घेतली?" वर्गात हशा पिकला. विचारणारा मुलगा यंत्रमागावर रात्रपाळी करून कॉलेजला येणारा. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची आणि पुन्हा सुरू करायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेले. त्या दिवशी मी उत्तर टाळले. तो प्रश्न मात्र माझा पिच्छा सोडीना.

शेगडीतून धूर खोलीत का येतो? धुराड्यात काजळी साचलेली असते, किंवा धुराडे थंडगार असल्याने धूर वर चढत नाही, किंवा दारे-खिडक्या इतक्या घट्ट बंद असतात की वर जाणाऱ्या धुराची जागा घेण्यास खोलीत नवी हवाच येत नाही. या कारणांचा शोध आनंदीबाईंच्या शंभर वर्षे आधी लागलेला होता, आणि तो लावणारा गृहस्थ त्याच शहरातला होता. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या सुधारित शेगडीची माहिती देणारी पुस्तिका 1744 मध्ये फिलाडेल्फियात छापली. पुढे 1785 मध्ये, युरोपातून परतताना जहाजावर, त्यांनी धुरकट धुराड्यांची कारणे आणि उपाय यांवर सविस्तर लिहिले. म्हणजे ज्या शहरात एक मराठी मुलगी धुराने गुदमरत होती, त्याच शहराच्या ग्रंथालयांत त्या धुरावरचे उपाय छापील स्वरूपात होते.

एवढेच नव्हे, तर शेगडीचे युगच तेव्हा सरत आले होते. इंग्लंडमध्ये एंजियर मार्च पर्किन्स यांनी नळांतून गरम पाणी खेळवून इमारत उबदार ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट 1831 मध्ये घेतले. 1850 च्या दशकात सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्रान्झ सान गाली यांनी ओतीव लोखंडाचा रेडिएटर घडवला. 1877 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथे बर्डसिल हॉली यांनी एका केंद्रातून अनेक इमारतींना वाफ पुरवून दाखवली. एका जागी आग आणि प्रत्येक खोलीत ऊब, ही कल्पना अमेरिकेत प्रत्यक्षात उतरू लागली होती. पण नवी ऊब पैशाच्या वाटेने घरात शिरते. खुद्द इंग्लंडात 1970 च्या सुमारासदेखील जेमतेम एक तृतीयांश घरांत अशी व्यवस्था होती.

या इतिहासाकडे मी वळले ती एका थंड रेडिएटरमुळे. धाकटा भाऊ उत्तर इंग्लंडात राहतो. एका डिसेंबरमध्ये मी त्याच्याकडे गेले. मला दिलेल्या खोलीतला रेडिएटर वरून बर्फासारखा थंड आणि खालून कोमट. तीन रात्री मी स्वेटरवर शाल, शालीवर रजई अशी काढल्या आणि कुणाला काही बोलले नाही. पाहुणीने तक्रार काय करायची! चौथ्या दिवशी सकाळी भावाने सहज रेडिएटरला हात लावला आणि तो माझ्यावर रागावलाच. "ताई, सांगायचं नाही का?" त्याने ड्रॉवरमधून पितळेची बोटभर चावी काढली. आधी हीटिंग बंद करून पाणी निवू दिले, मग रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातील झडप अर्धा फेरा फिरवली. फुस्स असा आवाज बराच वेळ येत राहिला. पाण्याचे दोन थेंब दिसताच त्याने झडप आवळली, बॉयलरवरचा दाब पाहिला आणि उतरलेला दाब पाणी भरून पूर्ववत केला. तासाभरात रेडिएटर वरपर्यंत तापला.

कारण अगदी साधे होते. पाण्यातून सुटलेली हवा वर जाऊन कोंडते आणि तेवढ्या जागेत गरम पाणी शिरू शकत नाही. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना यात नवल वाटू नये. तापलेले पाणी वर चढते हे आपल्या आज्यांना ठाऊक होते, आणि बंबातले पाणी संपू द्यायचे नाही हेही. रेडिएटरचे दुखणे कोणते, हे हात फिरवून कळते, असे भाऊ म्हणाला. वर थंड असेल तर हवा. खाली थंड असेल तर लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ तळाशी बसलेला. तो धुऊन काढावा लागतो. एकच रेडिएटर पूर्ण थंड असेल तर बहुधा त्याच्या व्हॉल्व्हमधली खीळ अडकलेली. आणि बॉयलरजवळचे रेडिएटर कढत, पण दूरचे गार असतील तर जवळचे सगळे पाणी ओढून घेतात असे समजावे. त्यांच्या झडपा थोड्या आवळायच्या, म्हणजे दूरच्यांना त्यांचा वाटा मिळतो.

हे शेवटचे वाक्य ऐकताना मला तो विद्यार्थी आठवला.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आनंदीबाईंना क्षयाने गाठले आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. क्षय जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले होते. तेव्हा 'थंडीने त्यांचा बळी घेतला' असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. शेगडी दुरुस्त झाली असती तर त्या जगल्या असत्या, असा दावाही मी करणार नाही. मात्र आधीच अशक्त झालेल्या देहाला त्या खोलीने काही सुख दिले नाही, एवढे निश्चित.

प्रश्न आपल्या वाचनाचा आहे. बिघाड आणि नियती यांत फरक असतो. बिघाडाला कारण असते, कारणाला उपाय असतो आणि उपाय करणारा कुणीतरी असावा लागतो. आपण बिघाडाला त्याग म्हटले की हे तिन्ही प्रश्न मिटतात. सोसणारी व्यक्ती थोर ठरते आणि खोली तशीच धुरकट राहते.

मग त्या मुलाला उत्तर काय द्यायचे? मला वाटते, उत्तर माझ्या त्या तीन रात्रींत आहे. दुरुस्तीसाठी चावी लागते, पण त्याआधी 'मला थंडी वाजते' असे म्हणण्याचा अधिकार लागतो. सख्ख्या भावाच्या घरी मला तो वापरता आला नाही. परक्या देशात, परक्यांच्या मदतीवर शिकणाऱ्या, आपल्या वागण्यावरून सगळ्या हिंदू स्त्रियांची पारख होणार हे जाणून असलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला तो किती वापरता आला असेल? दूरच्या रेडिएटरपर्यंत ऊब पोहोचत नाही, तेव्हा दोष त्या रेडिएटरचा नसतो.

तो मुलगा आता कुठे आहे, मला माहीत नाही. पण हल्ली तो प्रसंग शिकवताना मी 'त्याग' या शब्दापाशी थांबत नाही. ती शेगडी दुरुस्त का झाली नाही, हे मी वर्गालाच विचारते. एखादा हसतो. मग हळूहळू कुणी वसतिगृहातल्या गळक्या छताबद्दल बोलते, कुणी घरातल्या चुलीच्या धुराबद्दल.