शाळेने शिक्षकाला काढून टाकलं, तर कायदा काय सांगतो?

'उद्यापासून शाळेत येऊ नका.' महाराष्ट्रातल्या अनेक खाजगी शाळांमध्ये शिक्षकांची नोकरी आजही अशा एका वाक्यावर जाते. कधी कोऱ्या कागदावर सही घेतली जाते, कधी राजीनामा लिहून मागितला जातो, तर कधी हजेरीपत्रकातून नावच गायब होतं. 'संस्थाचालकांपुढे कोण काय करणार?' असं म्हणत बरेच शिक्षक घरी बसतात.

पण अशा प्रसंगासाठी राज्यात एक स्वतंत्र कायदा आहे, तोही चाळीसहून अधिक वर्षांपासून. त्यात दाद मागायची मुदत मात्र छोटी आहे, फक्त ३० दिवसांची. ही मुदत माहीत नसल्यामुळे हातातली केस निसटू शकते. म्हणून हा कायदा सोप्या भाषेत समजून घेऊया.

कायदा कोणता?

पूर्ण नाव आहे महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. बोलीभाषेत याला 'एमईपीएस कायदा' म्हणतात. तो १५ जुलै १९८१ पासून लागू झाला आणि त्याखालची नियमावलीही १९८१ चीच आहे.

मान्यताप्राप्त खाजगी शाळांना हा कायदा लागू होतो. शाळा अनुदानित असो वा विनाअनुदानित, फरक पडत नाही. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक आणि इतर मोजक्या पदांच्या भरतीपुरती सूट आहे, पण कारवाईचे नियम त्यांनाही पाळावे लागतात. शिक्षकांप्रमाणेच लिपिक आणि शिपाई यांनाही हे संरक्षण मिळतं.

जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक या कायद्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी १९६४ चे जिल्हा परिषद जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम आहेत.

कायद्याचा गाभा काय?

कलम ४(६) सांगतं की, या कायद्यातल्या आणि नियमांतल्या तरतुदी पाळल्याशिवाय व्यवस्थापनाला कर्मचाऱ्याला निलंबित करता येत नाही, बडतर्फ करता येत नाही, कामावरून कमी करता येत नाही आणि त्याची पदावनतीही करता येत नाही. थोडक्यात, कारण कितीही गंभीर असलं तरी ठरलेल्या पायऱ्या चढाव्याच लागतात.

निलंबनाचे नियम

- निलंबनाआधी शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यावी लागते.
- अशी मंजुरी असेल तर पहिले चार महिने निर्वाह भत्ता नेहमीच्या पगाराच्या मार्गाने मिळतो, पुढचा भत्ता संस्थेने द्यायचा असतो.
- मंजुरी न घेता निलंबित केलं, तर निर्वाह भत्त्याचा भार पहिल्या दिवसापासून संस्थेवर पडतो.
- परवानगी न घेता निलंबन चार महिन्यांपेक्षा जास्त लांबवता येत नाही.
- फौजदारी आरोपाखाली ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिल्यास कर्मचारी आपोआप निलंबित मानला जातो.

चौकशी कशी व्हायला हवी?

बडतर्फी किंवा पदावनती या मोठ्या शिक्षा आहेत. त्यासाठी चौकशी समिती लागते.

१. आधी आरोप रजिस्टर पोस्टाने लेखी कळवायचे. खुलाशासाठी सात दिवस द्यायचे.

२. खुलासा समाधानकारक वाटला नाही, तर तीन जणांची समिती नेमायची. एक सदस्य व्यवस्थापनाचा आणि दुसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. तिसरा सदस्य आरोप झालेल्या कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेला असतो. तो कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी असू शकतो.

३. कर्मचाऱ्याला साक्षीदार तपासता येतात, उलटतपासणी घेता येते, बचाव मांडता येतो.

४. चौकशी साधारणपणे १२० दिवसांत संपवायची असते.

शिक्षेचा निर्णय ही समिती देते आणि संस्थेने तो अमलात आणायचा असतो. इथे अनेक शिक्षक एक चूक करतात. रागाच्या भरात किंवा भीतीपोटी ते आपला सदस्य सुचवतच नाहीत आणि चौकशीवर बहिष्कार टाकतात. मग चौकशी एकतर्फी होते आणि पुढे बाजू मांडणं अवघड जातं. चौकशी अन्यायकारक वाटत असेल तर आक्षेप लेखी नोंदवा, पण हजर राहा.

शाळा न्यायाधिकरण म्हणजे काय?

बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा बढतीत डावलणं, या गोष्टींविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. 'स्कूल ट्रिब्युनल' म्हणतात ते हेच. तिथे न्यायिक अधिकारी पीठासीन असतात. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करावं लागतं. उशिराचं सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण विलंब माफ करू शकतं, पण त्यावर विसंबून राहू नये. निलंबन मात्र या यादीत नाही. त्यासाठी शिक्षणाधिकारी किंवा उच्च न्यायालय हा मार्ग आहे.

अपील मान्य झालं तर न्यायाधिकरण पुन्हा कामावर घेण्याचा आणि मागचा पगार देण्याचा आदेश देऊ शकतं. पुन्हा कामावर घेणं योग्य वाटलं नाही, तर दहा वर्षं किंवा जास्त सेवा झालेल्यांना १२ महिन्यांचा आणि त्यापेक्षा कमी सेवा असलेल्यांना ६ महिन्यांचा पगार भरपाई म्हणून देता येतो. आदेश न पाळणाऱ्या व्यवस्थापनासाठी कैद किंवा दंडाचीही तरतूद आहे. या निकालाविरुद्ध पुढे उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

'तुमच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यताच नव्हती' असा बचाव संस्था अनेकदा घेतात. केवळ तेवढ्या कारणावरून अपील फेटाळता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने स्पष्ट केलं आहे.

औरंगाबादच्या शिक्षिकेची केस

औरंगाबादमधल्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) एका प्राथमिक शाळेत महापालिकेच्या करासाठी कर्मचाऱ्यांकडून दरमहा १५०० रुपये मागण्यात आले. एका शिक्षिकेने नकार दिला. त्यानंतर तिला सुमारे २५ मेमो मिळाले आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिचं निलंबन झालं. शिक्षणाधिकाऱ्यांनी निलंबनाला मान्यता दिली नाही, तरीही तिला रुजू करून घेतलं गेलं नाही. एकतर्फी चौकशी होऊन जून २००७ मध्ये तिची नोकरी गेली.

न्यायाधिकरणाने २००९ मध्ये बडतर्फी रद्द करून पूर्ण थकीत पगार देण्याचा आदेश दिला. उच्च न्यायालयाने थकीत पगाराचा भाग काढून टाकला. पण ऑगस्ट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा बहाल केला. सेवासमाप्ती बेकायदा ठरली तर सेवेतलं सातत्य आणि थकीत पगारासह पुन्हा कामावर घेणं हाच सर्वसाधारण नियम आहे, असं न्यायालयाने म्हटलं. आपण दुसरीकडे कमावत नव्हतो, एवढं कर्मचाऱ्याने सांगायचं. तो कमावत होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मग संस्थेवर येते. देशभरातल्या कामगारांच्या खटल्यांत आज या निकालाचा आधार घेतला जातो.

नवीन शिक्षकांचं काय?

कायम रिकाम्या पदावर नेमलेल्या शिक्षकाचा परिवीक्षा काळ दोन वर्षांचा असतो. शिक्षण सेवकासाठी हा काळ तीन वर्षांचा आहे. या काळात काम किंवा वागणूक समाधानकारक नसेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन कमी करता येतं. मात्र कामाचं मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे.

जबरदस्तीने राजीनामा घेतला तर?

कलम ७ नुसार राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. ऑफिसमध्ये बसवून लिहून घेतलेल्या राजीनाम्याला आव्हान देताना ही तरतूद कामी येते.

पोलीस तक्रार झाली तर?

इथे संरक्षण आहे, पण मर्यादित. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली आहे. 'शिस्तीसाठी मारलं' असं सांगून सुटका होत नाही. मात्र बेशिस्तीबद्दल रागावणं म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये राजस्थानातल्या एका शिक्षकाविरुद्धचा गुन्हा रद्द करताना सांगितलं. सतत छळ किंवा अपमान केल्याचे ठोस आरोप असतील, तर गोष्ट वेगळी.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं शिक्षकावर बंधनकारक आहे. प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. गप्प बसलं तर मात्र शिक्षा होऊ शकते. 'शाळेची बदनामी होईल' हे कारण कायदा मानत नाही.

आजच काय करून ठेवाल?

- नियुक्तीपत्र, मान्यतापत्र, पगाराच्या नोंदी आणि हजेरीचे पुरावे यांच्या प्रती घरी ठेवा.
- प्रत्येक मेमोला लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या.
- कोऱ्या कागदावर सही करू नका.
- तोंडी काढलं तर त्याच दिवशी व्यवस्थापनाला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना रजिस्टर पोस्टाने कळवा. 'मी काम करायला तयार आहे' हे वाक्य त्यात असू द्या.
- आदेश हातात पडल्याची तारीख लिहून ठेवा आणि ३० दिवस संपायची वाट न बघता वकिलांना भेटा.