मोटारसायकलचा विद्युत स्टार्टर : दोषनिदान

बॅटरीवरील छोट्या डीसी मोटरने इंजिनाचा भुजादंड फिरवणारी यंत्रणा; बोलीभाषेत ‘सेल्फ’. ती बंद पडली की मोटर बदलण्याची घाई होते; वास्तविक, दोष बहुधा बॅटरीत किंवा जोडण्यांत असतो. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी. विश्रांतीत असलेल्या, पूर्ण भारित १२ व्होल्ट शिसे-आम्ल बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट किंवा अधिक असतो. बटन दाबल्यावर तो १० व्होल्टच्या बराच खाली गेल्यास बॅटरी अशक्त समजावी. नुसत्या स्थिर मोजमापावर विसंबणे ही नेहमीची चूक होय.

आवाज नीट ऐकणे फार उपयोगी. रिले सलग टकटकत असेल, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल वा गंजलेले असते. एकच ‘टक’ येऊन मोटर स्तब्ध राहिल्यास रिलेचे जळके संपर्क, खराब अर्थिंग किंवा झिजलेले कार्बन ब्रश तपासावेत. काहीच आवाज नसल्यास फ्यूज, किल स्विच, तसेच क्लच, न्यूट्रल व साइड स्टँडचे स्विच पाहावेत. मोटर घरघरते पण इंजिन फिरत नाही, तेव्हा एकदिशा क्लच घसरत असतो. रिलेची टोके पान्याने जोडून पाहण्याची गॅरेजांतील पद्धत ठिणग्यांमुळे धोकादायक असते. गाडी न्यूट्रलमध्ये नसल्यास ती पुढे झेपही घेते.