पेटंट परवाना करार, आंतरराष्ट्रीय

पेटंटधारकाने आपला शोध वापरण्याची मुभा परदेशी उद्योगाला मोबदला घेऊन देण्याचा लेखी करार. मोबदला बहुधा विक्रीवरील टक्केवारीने, म्हणजे रॉयल्टीच्या रूपात ठरतो. करार सरहद्द ओलांडतो, पेटंट ओलांडत नाही. यातले बरेचसे धोके इथूनच निघतात. साऱ्या जगाला लागू पडेल असे पेटंट कुठेच मिळत नाही. पॅरिस करार (१८८३) पहिल्या अर्जाच्या तारखेचा अग्रहक्क १२ महिने राखतो, पेटंट सहकार्य करारामुळे (१९७०) एका अर्जात अनेक देश नमूद करता येतात. मंजुरी मात्र ज्या त्या देशाची किंवा प्रदेशाची यंत्रणाच देते. भारत या दोन्हींत ७ डिसेंबर १९९८ रोजी सामील झाला.

म्हणून करारासोबतचे देशवार परिशिष्ट सर्वांत आधी वाचावे. कोणत्या देशात पेटंट मंजूर आहे, कुठे अर्ज प्रलंबित आहे, मुदत कधी संपते आणि नूतनीकरण शुल्क कोणी भरायचे, हे त्यात हवे. शुल्क थकले की पेटंट संपुष्टात येते. तिसऱ्याच कंपनीने उल्लंघनाचा दावा लावला तर भरपाई कोणी सोसायची, हेही आधीच ठरवावे.

मुदतीकडे दुर्लक्ष किती महागात पडते, हे अमेरिकेतील किंबल विरुद्ध मार्व्हल खटल्यात दिसते. स्टीफन किंबल यांना तळहातातून फेसाचे जाळे सोडणाऱ्या खेळण्याचे पेटंट मिळाले. पुढे मार्व्हल कंपनीशी वाद होऊन तडजोड झाली: एकरकमी मोबदला आणि विक्रीवर ३ टक्के रॉयल्टी. ती कधी थांबणार, हे लिहिलेच नव्हते. पेटंट संपल्यानंतरची रॉयल्टी वसूल करता येत नाही, असा १९६४ चा निकाल होता. तडजोडीच्या वेळी तो दोन्ही पक्षांना ठाऊक नव्हता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच नियम कायम ठेवला आणि किंबल यांची रॉयल्टी बंद झाली. वाट न्यायालयानेच दाखवली: पेटंटसोबत व्यापारी गुपितही दिले असेल, तर पेटंट असेपर्यंत ५ आणि नंतर गुपितापुरती ४ टक्के, अशी विभागणी चालते.

भारतात पेटंट कायदा, १९७० चे कलम १४० मोलाचे आहे. पेटंटच्या वैधतेला आव्हान द्यायचे नाही किंवा इतर माल आमच्याकडूनच घ्यायचा, अशा अटी ते बेकायदा ठरवते. कलम ३९ नुसार भारतातील रहिवाशाला परदेशात थेट अर्ज करायचा तर पूर्वपरवानगी लागते, नाहीतर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. पुण्यात बसून परदेशी कंपनीसाठी संशोधन करणारा अभियंताही यातून सुटत नाही.

वाद लवादाकडे न्यायचे कलम बहुतेक करारांत असते. न्यूयॉर्क करारामुळे (१९५८) असा परदेशी निवाडा भारतात अमलात आणता येतो. थकलेल्या रॉयल्टीचा वाद लवाद सोडवू शकतो. पेटंट रद्द करण्याचा अधिकार मात्र भारतात त्याला नाही.