राजेसाहेबांचं कर्जखातं

आम्ही कॉमर्सवाले. इतिहासाशी आमचा संबंध जुन्या लेजरपुरता. पण चौदाव्या शतकातल्या फ्लॉरेन्सची हकिगत वाचताना कुणाच्या तरी इन्स्पेक्शन रिपोर्टात डोकावल्यासारखं वाटतं. फक्त तारखा जुन्या.

बार्दी आणि पेरुझ्झी या तिथल्या दोन बड्या पेढ्या. पेगोलोत्ती नावाच्या बार्दींच्या माणसाला अँटवर्प, लंडन आणि थेट सायप्रस अशा बदल्या झाल्या. त्यानं पुढे व्यापाऱ्यांसाठी एक पुस्तकही लिहिलं. म्हणजे बँकेतल्या माणसानं लिहिण्याची खोड आमच्यापासून सुरू झालेली नाही!

या पेढ्यांचं खाशातलं गिऱ्हाईक म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड. 1337 साली त्याचं फ्रान्सशी युद्ध जुंपलं. पैसा पेढ्यांचा, भरवसा इंग्लंडच्या लोकरीवर. जुनं कर्ज फिटावं म्हणून नवं द्यायचं, हा प्रकार आजच्या मॅनेजरांनी शोधून काढला असं कुणी समजू नये. आमच्याकडे मास्तर स्कूटरच्या कर्जाला आले तर दोन जामीनदार लागतात. राजाला जामीन मागणार कोण? आणि जप्ती न्यायची कुठे?

1343 साली पेरुझ्झी बसले, 1346 साली बार्दी. जोव्हान्नी विल्लानी हा तिथला बखरकार लिहितो, की राजाकडे बार्दींचे नऊ लाख आणि पेरुझ्झींचे सहा लाख फ्लोरिन अडकले होते. हे आकडे फुगवलेले आहेत, आणि फ्लॉरेन्सची स्वतःची युद्धंही पेढ्यांना भोवली, असं आताचे काही अभ्यासक म्हणतात. असेलही. 2008 साली लेहमन बुडाली तेव्हाही आधी कुणाच्या नावानं बोटं मोडायची याचीच घाई होती.

ठेवीदारांचं काय? आमच्या गल्लीतल्या एका मावशींची पुंजी एका पतपेढीत अडकली आहे. 2020 पासून बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पण पतपेढीला तो लागू नाही. "भाऊ, तुम्ही बँकेतले. मिळतील ना हो पैसे?" असं त्या दर आठवड्याला विचारतात. मी पासबुक उलटसुलट करून पाहतो. त्यातली शिल्लक अगदी बरोबर असते.

त्यात 1348 साली प्लेग आला. फ्लॉरेन्समधली निम्म्याच्या आसपास माणसं गेली. इंग्लंडात मजूर मिळेनात तेव्हा तिथल्या सरकारनं 1351 साली कायदा केला, की मजुरी साथीच्या आधीच्याच दरानं घ्यायची! राजेसाहेबांच्या थकबाकीवर असा कडक कायदा निघाला नाही. (2020 च्या टाळेबंदीत आम्हीही काउंटरवर होतो, आमच्या कामाला 'अत्यावश्यक' म्हणायचे. पगारवाढ तेवढी अत्यावश्यक नव्हती.)

विल्लानी नुसता बखरकार नव्हे. तो ज्या पेढीत भागीदार होता ती 1342 साली बुडाली आणि त्यापायी त्याला तुरुंगात जावं लागलं. पुढे प्लेगबद्दल लिहिताना 'ही साथ अमुक तारखेपर्यंत चालली' असं वाक्य त्यानं केलं आणि तारखेची जागा कोरी सोडली. साथ संपली की भरू, असा हिशेब असावा. 1348 साली त्याच साथीत तो गेला. बखर पुढे त्याच्या भावानं चालवली. ती जागा मात्र कोरीच राहिली.