देगलूरचा संगणकीय पत्रव्यवहार : दप्तरांचे स्थलांतर आणि वाचनाची किल्ली

मराठवाड्याच्या अर्वाचीन इतिहासाची साधने गोळा करताना संशोधकाची दृष्टी साहजिकच महसुली कागद, मुक्तिसंग्रामातील पत्रव्यवहार, वृत्तपत्रे आणि घराण्यांची दप्तरे यांकडे वळते. १९९५ नंतरच्या काळापुरती मात्र या यादीत एका नव्या वर्गाची भर घालणे प्राप्त आहे. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांस खुली केली, आणि पुढे ई-मेल हा पत्राचा नवा प्रकार महानगरांतून जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचला. हा पत्रव्यवहार आपल्या इतक्या निकटचा आहे की त्यास ‘ऐतिहासिक साधन’ म्हणावे असे पुष्कळांना अद्याप वाटत नाही. तथापि दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद जाणकाराच्या हाती दिला असता तो वाचून दाखवितो; २००० सालच्या आसपासचे मराठी ई-मेल पत्र पडद्यावर उघडले असता त्याचा लेखकही ते पुष्कळदा वाचू शकत नाही. असे का घडले, याचा विचार देगलूर तालुका नजरेसमोर ठेवून करण्याचे येथे योजिले आहे.

देगलूरची निवड सहेतुक आहे. हा तालुका तीन भाषांच्या शिवेवर वसला आहे. निजामी राजवटीत येथील टपाल संस्थानच्या स्वतंत्र टपाल खात्यातून जात असे आणि त्या खात्याच्या एकोणिसाव्या शतकातील तिकिटांवर फारसी, इंग्रजी, मराठी व तेलुगू अशा चार लिपींतील मजकूर एकत्र नांदत असे. १९५० मध्ये ते खाते भारतीय टपाल खात्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, परंतु देगलूर तालुक्याची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. आज ती तेलंगणाच्या कामारेड्डी जिल्ह्यात मोडतात. सोयरीक, शेती आणि व्यापार यांचे धागे काही त्या दिवशी तुटले नाहीत. सीमेपलीकडील आप्ताला पत्र पाठवायचे तर लिपीचा प्रश्न येथे रोजचाच. म्हणूनच लिपी आणि यंत्र यांच्या संबंधात जो घोटाळा पुण्यामुंबईस अर्धाच जाणवला, तो येथे पूर्णपणे दिसतो.

या घोटाळ्याचे मूळ शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भारतीय लिपींसाठी संगणकाने कोणते संकेतांक वापरावेत याचे राष्ट्रीय मानक ‘इस्की’ या नावाने १९९१ मध्ये निश्चित झाले. त्यामागे कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेतील आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेतील संशोधन होते. या मानकाची कल्पना मोठी मार्मिक होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींची वर्णमाला मूलतः एकच, तेव्हा ‘क’ या वर्णाला मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही लिपींत एकच अंक द्यावा, आणि कोणत्या लिपीत तो दाखवावयाचा हे वेगळ्या खुणेने सांगावे, अशी ती योजना. देगलूरसारख्या गावी हे मानक रुजले असते तर एकच पत्र इकडे देवनागरीत आणि बिचकुंद्यास तेलुगू लिपीत वाचता आले असते. (उर्दूची फारसी-अरबी लिपी या मांडणीत बसणारी नव्हती, हे नमूद केले पाहिजे.)

प्रत्यक्षात बाजारात रूढ झाली ती निराळीच पद्धत. छपाईसाठी निघालेल्या मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत : कोठे काना, कोठे अर्धा ‘स’, कोठे रफार. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, खुद्द सी-डॅकच्या संचातील फाँट, प्रत्येकाची मांडणी वेगळी. कागदावर अक्षर सुरेख उमटे. परंतु संगणकाच्या पोटात मराठी असे काही नसेच, तेथे इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ असे. ती माळ मराठी म्हणून दिसणे केवळ तो फाँट त्या यंत्रावर असण्यावर अवलंबून. मुद्रकाला याची अडचण नव्हती, कारण त्याचे काम कागद छापून संपत असे. पत्र मात्र दुसऱ्या यंत्रावर जाते. ई-मेलच्या शिरोभागात मजकुराचे संकेतन कोणते हे सांगण्याची सोय १९९२ च्या ‘माइम’ या मानकाने केली होती. पण या खासगी मांडण्यांना कोणतेही मान्य नावच नसल्याने पत्र स्वतःला पाश्चात्त्य युरोपीय लिपीतील म्हणवून घेई. पत्राने आपल्या लिपीविषयी असत्य सांगावे, हा प्रकार साधनचिकित्सेच्या इतिहासात बहुधा नवाच.

ब्राउझरच्या बाबतीत हीच अडचण दुसऱ्या वाटेने आली. १९९७ च्या सुमारास नेटस्केप व इंटरनेट एक्सप्लोरर या दोन प्रतिस्पर्धी ब्राउझरांनी पानाबरोबरच फाँटही उतरवून घेण्याची युक्ती काढली, पण दोघांचे फाँटप्रकार परस्परांस अमान्य. नेटस्केपने २००० साली आपली पद्धत सोडूनही दिली. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये सुरक्षेच्या मांडणीत ‘फाँट उतरवून घेणे’ असे एक स्वतंत्र कलम होते. सावध चालकाने सुरक्षेची पातळी कडक केली की फाँट आपोआप येणे थांबे आणि मराठी पानाच्या जागी रोमन अक्षरांची रांग दिसू लागे. विषाणूच्या भीतीने लावलेली कडी मातृभाषेवरच पडली, असा हा प्रकार. दुरुस्ती करणाऱ्याने ‘पान बिघडले’ म्हणून ब्राउझर नव्याने बसवावा, त्याबरोबर मांडणी मूळपदावर यावी व पान दिसू लागावे, आणि दोष ब्राउझरचाच होता असा समज दृढ व्हावा, हे ओघानेच आले.

अशा प्रसंगी ‘सीमेवरचा मागास तालुका, लोकांना संगणक ठाऊक नव्हता’ हे स्पष्टीकरण सहज पुढे केले जाते. ते आम्हांस ग्राह्य वाटत नाही. अज्ञान हे कारण असते तर २००१ नंतर एमएस-सीआयटीसारखे अभ्यासक्रम गावोगावी पोहोचल्यावर दोष ओसरावयास हवा होता. दोष ओसरला नाही. तो दप्तराच्या रचनेत होता.

‘दप्तर’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. ई-मेलच्या व ब्राउझरच्या प्रणाली वापरकर्त्याची पत्रे, पत्ते, खुणा, परवलीचे शब्द आणि मांडणी ज्या एका कप्प्यात ठेवतात त्यास ‘प्रोफाइल’ म्हणतात. पेशवे दप्तरातील रुमाल सोडला तर कागद निदान डोळ्यांना दिसतात. प्रोफाइल हा रुमाल मात्र बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो. विंडोज एक्सपी या प्रणालीत आउटलुक एक्सप्रेसची पत्रे मुख्य विभागातील लपविलेल्या फोल्डरांच्या चार-पाच पातळ्या खाली साठत. संगणक मंदावला की दुकानदार ‘विंडोज मारून’ देई. तत्पूर्वी तो पडद्यावरच्या व दुसऱ्या विभागातल्या फायली प्रामाणिकपणे काढून ठेवी. लपविलेले फोल्डर त्याला दिसत नसल्यामुळे पत्रांचे दप्तर मात्र पुसले जाई. त्यातच ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’ या पद्धतीत सामान्यतः पत्र सर्व्हरवरून उतरवून घेतले की तेथील प्रत नाहीशी होत असे. जुन्या टपाल कचेरीप्रमाणेच, पत्र एकदा हाती दिले की कचेरीकडे काही उरत नाही. अशा रीतीने एखाद्या संस्थेच्या कित्येक वर्षांच्या पत्रव्यवहाराची जगातील एकमेव प्रत एका दुपारी नष्ट होणे सहज शक्य होते. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता.

दप्तर वाचले तरी त्याचे स्थलांतर सुखाचे नसे. आउटलुक एक्सप्रेसची साठवण तिच्या स्वतःच्या बंद रचनेत होती, आणि एक्सपीनंतर ती प्रणाली बंद झाली. २००४ च्या डिसेंबरात आलेल्या थंडरबर्डने साध्या मजकुराच्या रूपात पत्रे ठेवण्याची जुनी, खुली पद्धत पुढे चालविली. परंतु जुनी पत्रे तिच्यात आणावयाची तर सामान्यतः त्याच यंत्रावर आउटलुक एक्सप्रेस जिवंत असावी लागे. थंडरबर्ड व फायरफॉक्स यांत परवलीचे शब्द एका फायलीत आणि ते उलगडणारी किल्ली दुसऱ्या फायलीत असते. एकच फाइल उचलून नेणाऱ्याच्या हाती कुलूप येते, किल्ली मागे राहते. २०१९ मध्ये या दोन्ही प्रणालींनी प्रत्येक नव्या स्थापनेस स्वतंत्र प्रोफाइल देण्याचा परिपाठ सुरू केला. नवी आवृत्ती दुसरीकडे बसविणाऱ्यास मग रिकामे दप्तर दिसे आणि सर्व गेले असे वाटे. वस्तुतः जुने दप्तर शेजारच्याच कप्प्यात अक्षत असे. संशोधकाने हे ध्यानी ठेवावे, कारण ‘पत्रे हरवली’ या साक्षीतील काही पत्रे केवळ नजरेआड झालेली असतात.

मराठी पत्रांना एक आणखी घाव बसला. जुन्या फाँटांतील मजकूर पाहता पाहता युनिकोडमध्ये बदलून दाखविणारी ‘पद्मा’ नावाची जोडणी फायरफॉक्ससाठी उपलब्ध होती. २०१७ च्या नोव्हेंबरात आलेल्या ५७ व्या आवृत्तीने जुन्या धर्तीच्या सर्वच जोडण्या अमान्य केल्या. सुरक्षेच्या व स्थैर्याच्या दृष्टीने तो निर्णय समर्थनीय होता यात शंका नाही. पण त्याबरोबर एक दुभाषा गेला. पुढे २०२० मध्ये संदेशवहनाच्या कवचाच्या जुन्या आवृत्त्या प्रमुख ब्राउझरांनी व थंडरबर्डने बंद केल्या, आणि ३० मे २०२२ पासून गूगलने केवळ नाव व परवलीचा शब्द घेऊन आत येणाऱ्या जुन्या ई-मेल प्रणालींना वैयक्तिक खात्यांचे दार बंद केले. जुने यंत्र जपून ठेवणाऱ्याचीही त्यामुळे कोंडी झाली : फाँट जुन्या यंत्रावर, पत्रे सर्व्हरवर, आणि मधला रस्ता बंद.

युनिकोडने वर्तमानाचा प्रश्न सोडविला, हे मान्य केलेच पाहिजे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात भारतीय लिपींना इस्कीच्याच क्रमाने जागा मिळाल्या, फक्त प्रत्येक लिपीचा वाडा स्वतंत्र. देवनागरी ‘क’ चा अंक २३२५, तेलुगू ‘क’ चा ३०९३, कन्नड ‘क’ चा ३२२१. म्हणजे अनुक्रमे ७६८ व ८९६ मिळविले की देवनागरी वर्ण शेजारच्या वाड्यात जातो. देगलूर व बिचकुंदा यांच्यामधील अंतर अशा बेरजेने मोजता यावे, ही गंमतच म्हणावयाची. पण विंडोज एक्सपीमध्ये ‘गुंतागुंतीच्या लिपी’ या शीर्षकाखालील सोय मूळ तबकडी घालून वेगळी बसवावी लागे. ती न बसविल्यास मराठीची अक्षरे फुटत. केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक म्हणून जाहीर केले ते २००९ मध्ये. मधल्या दशकातील पत्रे जुन्या फाँटांतच राहिली.

ती वाचावयाची कशी? येथे पुराभिलेखविद्येचा आधार घ्यावा असे आम्ही सुचवितो. होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांमुळे शिलालेखांचा अभ्यास या तालुक्यास अपरिचित नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपला सांचीच्या कठड्यावरील लहान लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे वारंवार आढळली. ती ‘दानं’ असावीत या तर्कावरून ब्राह्मी उलगडत गेली. पत्रांतही अशी ठरीव पदे असतात. ‘महोदय’, ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘तालुका’, ‘आपला विश्वासू’, आणि अर्थातच ‘देगलूर, जि. नांदेड’. अर्थहीन दिसणाऱ्या माळेत शेवटी वारंवार येणारा गट पकडला की फाँट कोणता हे ठरते, आणि फाँट ठरला की रूपांतर यंत्राकडून करविता येते. मात्र यंत्रावर विसंबून चालणार नाही. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठविलेला असे; युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे, म्हणजे उलटा. हिंदीसाठी केलेली रूपांतरके मराठीतील ‘ऱ्य’ ओळखत नाहीत. ती ‘आचाऱ्यांना’ या शब्दाचे ‘आचार्यांना’ करून टाकतात. स्वयंपाकघराचा हिशेब असा विद्यापीठात जमा होतो. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील भेद तर शेतजमिनीच्या वर्णनात अर्थाचा अनर्थ करील.

सुदैवाने एक सवय उपकारक ठरली आहे. कार्यालयांत व संस्थांत आलेले ई-मेल छापून नस्तीला लावण्याची रीत होती. आधुनिक मंडळी तिला हसत असत. पत्राची छापील प्रत आणि तेच पत्र संगणकीय रूपात असा एक जरी जोड सापडला, तरी त्या फाँटाच्या तक्त्याचा मोठा भाग हाती येतो आणि त्याच फाँटातील उरलेली पत्रे वाचणे सुकर होते. यासाठी देगलूर, बिलोली, मुखेड या भागांत साधने गोळा करणाऱ्याने केवळ पत्रांच्या फायली मागू नयेत. लपविलेल्या फोल्डरांसह संपूर्ण प्रोफाइल, विंडोजचा फाँटांचा फोल्डर, काही फाँटसंचांबरोबर येणारे कुलूपयंत्र असल्यास तेही, आणि त्याच वर्षांच्या नस्त्या अशी मागणी करावी. मिळालेल्या प्रोफाइलची आधी अस्पर्श प्रत करावी व वाचनाचा प्रयत्न दुसऱ्या प्रतीवर, इंटरनेटशी जोडणी तोडलेल्या यंत्रावर करावा. नवी प्रणाली जुने दप्तर उघडताच आपल्या रचनेत बदलून टाकते, आणि मग मूळ कसे होते हे सांगणारे काही उरत नाही.